शुक्रवार पेठेतली पिठाची गिरणी : लॉकडाऊनमधल्या दळणाचा रिव्ह्यू

हॉटेलचे, मोबाईलचे, मिक्सरचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, मला पिठाच्या गिरणीचा लिहायचाय. बरेच दिवस मनात होतं पण राहून जात होतं. आता मे २०२१ उजाडला, परत तेच दुकानं सकाळी ७ ते ११, परत कोपऱ्यावर बॅरिकेड, आणि परवा डबा घेऊन निघाले तर मागच्या वर्षीचं सगळं डोळ्यांसमोरून गेलं, म्हणून आज बसलेच लिहायला.

गिरणी आहे पुण्यात शुक्रवार पेठेत, मंडईच्या मागच्या अंगाला एका बोळात. पाटीवर वेगळं नावबिव काही नाही, 'पिठाची गिरणी' एवढंच, आणि खाली 'दुपारी १ ते ४ बंद'. मी लग्न होऊन इथे आले त्याला चौदा वर्षं झाली, तेव्हापासून आमचं दळण इथेच. सासूबाईंचं तर त्याच्याही आधीपासून. म्हणजे हे काही एकदा जाऊन आले आणि लिहिलं असं नाहीये, पण खरं सांगायचं तर मार्च २०२० पर्यंत मी या गिरणीचा कधी विचारसुद्धा केला नव्हता. डबा ठेवायचा, 'गव्हावर टाका हो काका' म्हणायचं, संध्याकाळी ऑफिसवरून येताना उचलायचा, झालं. ती काय चीज आहे ते लॉकडाऊनमध्ये कळलं.

आता सुरुवातीपासून. ९ मार्चला आपल्या पुण्यात राज्यातले कोरोनाचे पहिले पेशंट सापडले, दुबईहून आलेलं जोडपं, नायडू हॉस्पिटलला नेलं, तेव्हाही आम्हाला वाटलं होईल चार दिवसांत कमी. मग २२ तारखेचा रविवार, जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाचला थाळ्या, आणि मग मंगळवारी रात्री आठला भाषण, एकवीस दिवस. दुसऱ्या दिवशी पाडवा. त्या रात्री साडेआठला आमच्या इथल्या किराणा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि मी पोचले तोवर पॅकेटचं पीठ संपलेलं होतं. एकही पुडा नाही. मैदा होता, रवा होता, पीठ नाही. मी घरी येऊन डबा उघडून बघितला तर तळाला दीड-दोन किलो पीठ, आणि पोत्यात गहू मात्र जवळजवळ तीस किलो. सासूबाई म्हणाल्या, अगं गहू आहेत ना मग घाबरतेस कशाला. पण गहू काय असेच शिजवून खाणार होतो का, गिरणी चालू राहणार का नाही हेच कोणाला माहीत नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी गॅलरीत गुढी उभारत होते तर खालून तो ओळखीचा आवाज आला. पट्ट्याचा आवाज असतो ना, आधी फट्‌फट्‌ आणि मग एकसारखी घरघर. चौदा वर्षं त्या आवाजाने झोपमोड व्हायची म्हणून मी वैतागायचे. त्या दिवशी मी गुढीला हात जोडता जोडता तसंच खाली बघत राहिले. रस्ता रिकामा, मंडईकडून एक माणूस नाही, आणि गिरणी चालू. पीठ ही जीवनावश्यक गोष्ट आहे हे सरकारच्या यादीत नंतर वाचलं, गिरणीवाल्या काकांनी यादी यायच्या आधीच शटर अर्धं वर केलं होतं.

मला या गिरणीचं पहिलं कौतुक आहे ते त्यांनी लावलेल्या पद्धतीचं. दोनच दिवसांत बाहेर एक जुनं टेबल आलं. दोरी बांधली. डबा टेबलावर ठेवायचा, आत यायचं नाही, डब्यात चिठ्ठी टाकायची नाही तर झाकणावर चिकटवायची, तिच्यावर धान्य, जाड का बारीक आणि फोन नंबर. काका डबा बाहेरून साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसून आत घ्यायचे. सकाळी फक्त गहू, दुपारी चारनंतर ज्वारी-बाजरी, तांदूळ आणि डाळी शनिवारी. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे वेळापत्रक फार महत्त्वाचं असतं, कारण आधी ज्वारी दळलेली असेल आणि वर तुमचे गहू टाकले तर दगडात राहिलेलं ज्वारीचं पीठ तुमच्या पहिल्या दोन-तीन ओंजळींत येतं आणि पोळी तुटते. म्हणून गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. आणि उपासाचं असेल तर विचारूच नका.

दळून झालं की त्यांची मुलगी डब्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायची, 'दळण झालं'. आमचे सगळ्यांचे डबे स्टीलचे, लग्नात मिळालेले, नावं कोरलेली, त्यामुळे फोटोत नाव वाचलं की निघायचं. आमच्या डब्यावर सासूबाईंच्या माहेरचं नाव आहे आणि खाली १९७६ साल. सासूबाईंना त्या फोटोचं इतकं अप्रूप की त्यांनी माझ्या मोबाईलमधून तो एकदा त्यांच्या बहिणीला मिरजेला पाठवायला लावला.

मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या पेठा सील झाल्या. बोळाच्या तोंडाला बांबू आणि पत्रे. त्यानंतर मार्केटयार्डाचा भाजीबाजार बंद, आणि २० ते २७ एप्रिल तर अख्खं पुणे सील, दुकानांना सकाळी १० ते १२ एवढीच मुभा. दोन तासांत किराणा, भाजी, औषधं आणि दळण. त्या आठवड्यात मी एका ॲपवरून पीठ मागवून बघितलं, नाव घेत नाही, तेव्हा सगळ्यांचीच ओढाताण चालली होती. 'उद्या मिळेल' असं अकरा दिवस दाखवत होतं. बाराव्या दिवशी पाच किलोचा पुडा आला तो एका कोपऱ्याला फाटलेला आणि आत जाळी धरलेली. परत घेणार कोण, फोन उचलणार कोण. चाळून चाळून वापरलं कारण त्या दिवसांत पीठ टाकून द्यायचं मनच होत नव्हतं. तेव्हापासून पॅकेट बंद ते आजपर्यंत बंद.

आता जी गोष्ट लिहायला मला जड जातंय ती. काकांना खोकला आहे. जुना आहे, पिठाचा आहे, तीस-पस्तीस वर्षं गिरणीत उभं राहिलेल्या माणसाच्या छातीत पीठ जाणारच. मास्क आपण सगळ्यांनी २०२० मध्ये बांधायला सुरुवात केली, ते तर पूर्वीपासून नाकाला पंचा बांधून दळतात. पण एप्रिलमध्ये खोकल्याचा आवाज म्हणजे काय होतं ते आठवतंय ना. बोळात कुजबूज सुरू झाली. कोणीतरी ग्रुपवर टाकलं की गिरणीतून पसरतंय म्हणे. दोन दिवसांत टेबलावरचे डबे कमी झाले. आणि मीसुद्धा आठ दिवस गेले नाही. घरात सासूबाई, वय ७४, शुगर, असं मी स्वतःला सांगत होते, पण खरं म्हणजे मी घाबरले होते आणि चौदा वर्षांच्या ओळखीत मला एक फोन करून 'काका बरे आहात ना' एवढं विचारता आलं नाही.

काकांनी कोणाशी वाद घातला नाही. महापालिकेच्या केंद्रावर गेले, स्वॅब दिला, रिपोर्ट येईपर्यंत स्वतःहून गिरणी बंद ठेवली, आणि निगेटिव्ह आल्यावर तो कागद शटरवर चिकटवला आणि परत मोटर चालू केली. मी डबा घेऊन गेले तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ते नेहमीसारखंच म्हणाले, वहिनी, बारीक ना? बास. तो कागद पावसाळा लागेपर्यंत तिथे होता, शाई उडून गेली तरी.

मे महिन्यात दुसराच प्रश्न आला. दगडांना टाकी लावायची वेळ झाली होती. हे मला तोवर माहीत नव्हतं आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नसेल म्हणून सांगते. गिरणीत दोन दगड असतात, एक स्थिर आणि एक फिरणारा, त्यांच्या तोंडावर खाचा असतात. दळून दळून त्या खाचा बुजतात, दगड गुळगुळीत होतो, मग दाणा कापला जात नाही, नुसता घासला जातो, पीठ जास्त गरम येतं आणि पोळी वातड होते. म्हणून ठरावीक दिवसांनी दगड उघडून छिन्नीने खाचा परत पाडायच्या, त्याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लावणारा माणूस यायचा हडपसरहून, त्याला पास मिळेना. काकांनी बोर्डावर खडूने लिहिलं, 'दगडाचे काम, दोन दिवस बंद', आणि स्वतः बसले. मी गॅलरीतून बघत होते. अर्ध्या शटरच्या उजेडात मांडी घालून, दगड आडवा पाडलेला, डोळ्याला मुलाचा क्रिकेटचा गॉगल, आणि टिक्‌ टिक्‌ टिक्‌, एक ओळ झाली की हात फिरवून बघायचे, फुंकर मारायची, परत टिक्‌ टिक्‌. दोन दिवस पेठेत तेवढाच आवाज होता, तो आणि अँब्युलन्सचा.

तिसऱ्या दिवशी दगड बसवला आणि स्वतःच्या घरातले पाच किलो गहू आधी दळून ते पीठ टाकून दिलं. एक गृहस्थ तिथे उभे होते, ते चिडलेच, म्हणाले लोकांना खायला मिळत नाही आणि तुम्ही पीठ फेकताय? काकांनी त्यातलं चिमूटभर त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले दाताखाली घालून बघा. नवीन टाकी लावली की दगडाची कच येते पहिल्या पिठात. ते गृहस्थ गप्प झाले. कोणाचेही पाच किलो आधी टाकले असते तरी कळलं नसतं, फार तर कोणीतरी म्हणालं असतं यंदा गव्हात खडे फार.

त्याच दिवसांतली अजून एक आठवण. ८ मेला सकाळी टीव्हीवर ती बातमी आली, जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले होते आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर पडलेल्या पोळ्यांचा फोटो सगळीकडे फिरत होता. मी दहा वाजता दळण आणायला गेले तर गिरणी चालू नव्हती, काका आणि त्यांच्याकडे कामाला असलेला मुलगा दोघंही पायरीवर बसलेले. तो मुलगा उत्तर प्रदेशातला, चार वर्षं त्यांच्याकडे होता, त्याच्या मोबाईलवर तोच फोटो. कोणी काही बोललं नाही. मी पण डबा तसाच ठेवून परत आले. पुढच्या आठवड्यात तो मुलगा श्रमिक ट्रेनने गावी गेला, जाताना काकूंनी त्याला दशम्या करून दिल्या, गूळ घालून दुधात भिजवलेल्या, तीन-चार दिवस टिकतील अशा. तेव्हापासून काका आणि त्यांची मुलगी दोघंच गिरणी सांभाळतात. ती बी.कॉम.ला आहे, लेक्चर मोबाईलवर चालू आणि हात डब्यावर.

भावाबद्दल आता. २०२० मध्ये गहू दळायचा दर किलोला ६ रुपये होता. लॉकडाऊनच्या पहिल्या तीन महिन्यांत तो तेवढाच राहिला, जेव्हा कांदे-बटाटे, मास्क, सॅनिटायझर सगळ्याचे भाव कोणी काहीही लावत होतं. आणि अजून एक मला नंतर कळलं. रेशनचा गहू तेव्हा २ रुपये किलो होता. म्हणजे ज्याला गहू २ रुपयांनी मिळायचा त्याला दळायला ६ रुपये पडायचे, धान्यापेक्षा दळण तिप्पट. आपल्याला हे कधी सुचतही नाही. मागच्या वस्तीतल्या बायका, कोणी धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या, कोणी मंडईबाहेर लिंबू-मिरच्या विकणाऱ्या, सगळ्यांचं काम बंद, त्या डबा आणायच्या नाहीत, रेशनच्या पिशवीतच गहू आणायच्या. काका पिशवी बघून निम्मे पैसे घ्यायचे, काहींकडून तेही नाही. नंतर मे-जूनमध्ये केशरी कार्डवाल्यांना ८ रुपये किलोने गहू मिळायला लागला तेव्हा आमच्याच वाड्यातली दोन घरं रेशनची पिशवी घेऊन तिथे आली, ज्यांनी आयुष्यात कधी रेशनच्या लायनीत उभं राहिलं नव्हतं. त्यांनाही तोच दर लावला, कोणाला ऐकू जाईल असं काही न बोलता. मला हे त्यांच्या मुलीने सांगितलं, काकांनी नाही.

वजनाचं पण लिहिते कारण गिरणी म्हटलं की लोकांचा हा संशय असतोच, पीठ कमी भरलं, मारलं असणार. मी स्वतः घरच्या काट्यावर करून बघितलं. ५ किलो गहू नेले, पीठ आलं ४ किलो ९२०. काकांना विचारलं तर म्हणाले, घट येणारच, दगड तापतो, गव्हातला ओलावा उडतो, थोडं पीठ हवेत जातं, थोडं दगडात राहतं. पुढच्या वेळी मी गहू दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवून नेले, तेव्हा घट कमी आली. म्हणजे खरंच सांगत होते.

पीठ कसं असतं? मला विचाराल तर इथलं मधलं बारीक पीठ पोळीसाठी पुण्यात एक नंबर आहे. काकांची एक सवय आहे, प्रत्येक डब्याला सुरुवातीचं पीठ पडायला लागलं की ते कापडी तोंडाखाली हात घालून चिमूट घेतात, अंगठा आणि बोटात चोळतात, डोळे मिटून, आणि मग दोन दगडांमधलं अंतर कमी-जास्त करायचं चाक इतकंसं, म्हणजे जेमतेम बोटभर, फिरवतात. कधी पुढे कधी मागे. लोकवन गव्हाला वेगळं, सिहोरला वेगळं, खपलीला वेगळं. चिठ्ठीवर मी काय लिहिलंय त्याच्यापेक्षा त्यांची चिमूट काय सांगते तेच खरं. या पिठाच्या पोळ्या सकाळी करून दुपारी डब्यात मऊ असतात, आणि लॉकडाऊनमध्ये पोळ्यांच्या मावशी बंद झाल्यावर मी जी तीन वेळच्या पोळ्या लाटायला लागले, त्यात पीठ चांगलं नसतं तर मी हात टेकले असते. भाजणी तर अप्रतिम. थालीपिठाची भाजणी किंचित सरसरीत लागते, गुळगुळीत नाही, ते त्यांना न सांगता कळतं.

पण सगळंच छान छान नाही, अर्धा तारा मी कापलाय त्याची कारणं पण आहेत. जागा फार अरुंद, दोन पायऱ्या उंच, म्हाताऱ्या माणसांना डबा घेऊन चढणं कठीण. फोन उचलत नाहीत, मोटरच्या आवाजात ऐकूच जात नाही म्हणतात, मग नंबर लिहिलाय कशाला, व्हॉट्सॲपच करा असं पाटीवर लिहावं. मिरची-हळद दळून मिळत नाही, त्याला दुसरीकडे जावं लागतं, हे बरोबरच आहे म्हणा, नाही तर पोळीला तिखटाचा वास येईल. मोबाईलवरून पैसे घ्यायला जून उजाडला, तोपर्यंत सुट्ट्या नाण्यांसाठी किती त्रास, एक-दोनदा मी वीस रुपये तसेच ठेवून आले. आणि तांदळाची पिठी त्यांची घरघंटीएवढी मऊ होत नाही, मोदकासाठी मला ती पाहिजे तशी मिळाली नव्हती कधी.

हो, आणि एकदा चूकही झाली. जुलैमधली. १० तारखेला, शुक्रवारी, जाहीर झालं की पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडला परत दहा दिवस कडक लॉकडाऊन, पहिले पाच दिवस दूध आणि औषधं सोडून किराणासुद्धा बंद. शनिवार-रविवार-सोमवार नुसती झुंबड. गिरणीच्या टेबलावर डबे मावेनात, पायरीवर, ओट्यावर, शेजारच्या सायकल दुकानाच्या फळीवर डबे, सोमवारी रात्री अकरा वाजता पण घरघर चालू होती, एरवी पहिल्यांदा तक्रार करणारे समोरचे आजोबा खुर्ची टाकून लायनीचे नंबर सांगत होते. त्या गर्दीत सासूबाईंचा उपासाचा राजगिरा ज्वारीवर दळला गेला. आषाढी होऊन गेलेली पण श्रावण तोंडावर होता. आम्हाला कळलंही नसतं. पीठ घरी आलं, सव्वाअकराला मुलगी धावत वर आली, मास्कच्या आत धाप लागलेली, म्हणाली आजी ते पीठ वापरू नका, बाबांची चूक झाली, आणि नवीन राजगिऱ्याची पुडी हातात दिली, म्हणाली हा आपल्या घरचा आहे, लॉकडाऊन उठला की पहिला हाच दळून देऊ, दगड साफ करून. सासूबाई पन्नास वर्षं सोमवार करतात. त्यांनी पुडी कपाळाला लावली आणि देवघरात ठेवली. दळून आणला तो पार महिनाअखेरीला.

सप्टेंबरमध्ये आमच्याकडे सगळे पॉझिटिव्ह आलो. पुण्यात तेव्हा बेड मिळायची मारामार होती, जम्बो हॉस्पिटल नुकतंच उभं राहिलेलं, आम्ही सुदैवाने घरीच, ऑक्सिमीटर लावून दर चार तासांनी आकडे वहीत लिहायचे, सासूबाईंचा ९३ झाला त्या रात्री मी झोपले नाही. दाराला महापालिकेचं स्टिकर. मी मुलीला मेसेज केला की आमचा डबा आता पाठवणार नाही, तुमच्याकडे बाकीच्यांचे डबे असतात. तिचं उत्तर आलं, 'डबा नको, पीठ येईल'. दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला कापडी पिशवी लटकवलेली, आत तीन किलो पीठ, अजून गरम, पिशवीचं तोंड मुद्दाम उघडं ठेवलेलं. चिठ्ठीवर 'गार झाल्यावर बांधा'. गरम पीठ झाकलं की आत वाफ धरते, गुठळ्या होतात, अळ्या होतात, हे मला चौदा वर्षं ते सांगत आलेत. ते गहू त्यांच्या घरचे होते. तोंडाला चव नव्हती, वास तर गेलाच होता दहा दिवस, पण त्या पिशवीवर हात ठेवला तर उबदार लागलं आणि मी तशीच पॅसेजमध्ये उभी राहून रडले. नंतर पैसे द्यायला गेले तर दळणाचे घेतले, गव्हाचे नाही. मग दिवाळीला आम्ही पाच किलो गहू नेऊन दिले, ते घेतले.

त्याआधी गणपतीत, २२ ऑगस्टला, मंडईच्या गणपतीला तेव्हा मिरवणूक नाही, मांडवात गर्दी नाही, पेठेत असं कधी बघितलं नव्हतं. मोदकाच्या पिठीचं मी वर लिहिलंय ना, त्या वर्षी काकांनी शनिवारऐवजी दोन पूर्ण दिवस फक्त आंबेमोहोर ठेवला, दुसरं काही दळायचं नाही, दगड अगदी जवळ आणून, हळू सोडून. पिठी त्या वेळी खूपच चांगली आली होती, उकड काढली तर एक कळी फाटली नाही. मला वाटतं घरघंटीची बरोबरी पहिल्यांदा झाली. पण दरवर्षी असं दोन दिवस तांदळाला देणं त्यांना परवडेल का माहीत नाही, म्हणून तो मुद्दा मी काढून टाकत नाही.

थोडी माहिती, ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. मे २०२१ मध्ये सकाळी ७ ते ११ डबे घ्यायचे, दळून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे. दर तेव्हा किलोला ७ रुपये झाला होता, विजेचं बिल बघता बरोबर होतं. शक्यतो सव्वासात-साडेसातला जा, नऊनंतर मंडईतून येणाऱ्यांची गर्दी होते. मास्क नाकाच्या खाली असेल तर काका तेव्हा डबा घ्यायचे नाहीत, आणि त्यावर वाद घालून उपयोग नव्हता, घरात त्यांची आई होती ८८ वर्षांची. लस घेतली का हे ते प्रत्येकाला विचारायचे, लस बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटच्या मांजरी भागातल्या कारखान्यातून जानेवारी २०२१ मध्ये पहिले खोके निघाले तेव्हापासून त्यांचं ते चालू होतं, सासूबाईंचा दुसरा डोस त्यांनीच आठवण करून करून घ्यायला लावला. गहू निवडून, एक ऊन दाखवून आणा. एरंडेल लावलेले असतील तर चिठ्ठीवर तसं लिहा. चिठ्ठीवर नाव, धान्य, फोन. भाजणी असेल तर पूर्ण गार करूनच आणा, गरम भाजणी दगडाला चिकटते.

आणि डबा तोंडापर्यंत गव्हाने भरून आणू नका, नवीन लोक हमखास करतात हे, दळल्यावर पीठ गव्हापेक्षा जास्त जागा घेतं. वर चांगली चार-पाच बोटं रिकामी ठेवा, नाही तर उरलेलं पीठ काका कागदात बांधून वर ठेवतात आणि बोळाच्या वळणावर ते हमखास घसरतं.